गयाबाईंची येळवस

मला कॅन्सर झालाय हे आमच्या घरात सगळ्यात शेवटी मला कळायचं, असं ठरलं होतं. लातूरच्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांना आणि थोरल्या दिरांना आत बोलावलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. दोघं बाहेर आले तेव्हा दिरांचे डोळे लाल होते आणि आमचे हे हसत होते. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण पंचायत समितीतला हा माणूस दवाखान्यात हसताना मी कधी पाहिला नव्हता. "पाण्याची गाठ आहे, काढून टाकू," म्हणाले. मग दोघं चहाला गेले आणि जाताना फाइल माझ्या मांडीवर ठेवून गेले.

ही चूक आमच्याच घरात होऊ शकते. मी अहमदपूरच्या शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवते.

फाइल उघडली. शब्द सरळ टाइप केलेला होता, त्याखाली सही होती. मी तो दोनदा वाचला आणि फाइल होती तशी बंद केली. समोर भिंतीवर गुबगुबीत बाळाचं चित्र होतं, त्याच्याकडे बघत बसले. हे दोघं परत आले तेव्हा मी विचारलं, चहा कसा होता.

पुढचे अकरा दिवस मी काही बोलले नाही. ही माणसं इतक्या कष्टानं सोंग करत होती की मोडवेना. जाऊबाई शिरा घेऊन यायच्या, "गाठच ती, त्यात काय," म्हणायच्या आणि पदर डोळ्याला लावून परत जायच्या. पुण्याला शिकणारी लेक परीक्षा तोंडावर असताना "सहज" घरी आली. गल्लीतल्या बायका माझ्याशी एकाएकी गोड बोलायला लागल्या, आणि आमच्या गल्लीत हे काही बरं लक्षण नाही. बाराव्या दिवशी ताटावर बसल्यावर मी म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे, आणि मला कॅन्सर आहे हे मला माहीत आहे. आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला. मग ते लहान मुलासारखे रडले आणि मी त्यांना पाणी दिलं.

तेव्हा मला भीतीपेक्षा राग जास्त होता. अंग माझं, आणि त्याची बातमी गल्लीभर फिरून माझ्याकडे येणार. मी मनाशी पक्कं केलं होतं की कुणाच्याही आजाराबद्दल त्या माणसाशी मी असं खोटं बोलणार नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे काय झालं ते वाचताना तुम्हाला ते लक्षात राहिलं पाहिजे.

काय गोड लागलं?

ऑपरेशनबद्दल मी लिहिणार नाही. ते तुमचे डॉक्टर सांगतील. नंतरच्या औषधांसाठी नांदेडला जावं लागायचं, दर एकवीस दिवसांनी, मंगळवारी, एकूण आठ वेळा. आम्ही सगळ्याजणी त्याला 'सुई' म्हणायचो. सकाळी खाटेवर पडायचं, सलाईन लावायची आणि दुपार टळेपर्यंत छताकडे बघायचं. केस दुसऱ्या सुईनंतर गेले. चव त्याच्याही आधी गेली. भात खाल्ला तरी तोंडात चावी धरल्यासारखं वाटायचं.

माझ्या उजव्या हाताच्या खाटेवर गयाबाई असायच्या. त्यांचं गाव लोह्याच्या अलीकडे, आमच्या बाजूला, फाट्यापासून थोडं आत. साठीच्या आसपास वय, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पोटाचा आजार. सोबत सून संगीता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाई, ह्या आठवड्यात काय गोड लागलं?" मी म्हणाले, काहीच नाही, आणि कूस बदलली. मला वाटलं, काय ही चौकशी. इथं जीव जायची वेळ आली आहे आणि ह्यांना गोडधोड सुचतंय.

पण त्या दर वेळी विचारायच्या. गोड म्हणजे साखरेचं नव्हे, चवीला, जिवाला बरं वाटलेलं काहीही. त्यांचं स्वतःचं उत्तर तयार असायचं. एकदा म्हणाल्या, भाकरीचा वरचा पापुद्रा, चुलीवरून उतरल्या उतरल्या. एकदा म्हणाल्या, रांजणातलं पाणी. एकदा म्हणाल्या, म्हशीच्या पाठीवरचं ऊन, कारण त्या दिवशी उलटी थांबत नव्हती आणि गोठ्यात म्हशीला टेकून बसल्यावर थांबली. मला हसू आलं. पुढच्या वेळी मीसुद्धा काहीतरी शोधून न्यायला लागले. शिक्षक माणूस, कुणी विचारणार आहे म्हटलं की तयारी करून जाणार. एसटीच्या खिडकीतून बोडक्या डोक्याला लागणारा वारा, हे माझं पहिलं उत्तर. त्यांनी ते पसंत केलं आणि आपलाही पदर मागे सारून बघितला.

आम्हाला कच्चं काही खायला बंदी होती. तरी गयाबाई ओच्यात काहीबाही बांधून आणायच्या. सीताफळ, बोरं, तुरीच्या शेंगा. सिस्टर ओरडल्या की म्हणायच्या, खात न्हाई हो, हुंगून राहिलोत. आणि खरंच आम्ही दोघी सीताफळ नाकाशी धरून आळीपाळीने वास घ्यायचो. मी रजेवर असूनही हट्टाने सहामाहीचे पेपर मागवून घेतले होते. ते तिथेच तपासायचे आणि त्यात मुलांनी लिहिलेले रजेचे अर्ज त्यांना वाचून दाखवायचे. एका पठ्ठ्याची आजी त्या वर्षात तिसऱ्यांदा वारली होती. गयाबाई सलाईनचा हात धरून हसल्या, "म्हातारी चिवट हाय."

त्या आजारपणात मी सुखी होते असं म्हणणार नाही. पण मंगळवार जवळ आला की भीती वाटायची, आणि गयाबाई भेटणार म्हणून थोडं बरंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी असतं. तुमच्या बाबतीत असं झालं तर स्वतःला वेडं समजू नका.

फाइल

पाचव्या सुईच्या वेळी गयाबाईंच्या फाइलमध्ये नवीन रिपोर्ट आला होता.

बाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला वेळ अमावस्या असते, बोलीत येळवस. त्या दिवशी आख्खं गाव रानात जातं. कडब्याची खोप करतात, आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात, नैवेद्य दाखवतात आणि तिथेच पंगत बसते. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, आणि भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. रानातल्या सगळ्या शेंगा-पाल्याची बेसन लावून केलेली घट्ट भाजी. ज्यांना शेत नाही, ते आमच्यासारखे दुसऱ्याच्या शेतात जातात. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. गयाबाई चाळीस वर्षं आंबिलीची घागर डोक्यावर घेऊन रानात गेल्या होत्या. एकही येळवस चुकली नव्हती.

त्या वर्षीची येळवस मंगळवारी येत होती, आमच्या सहाव्या सुईच्या दिवशी.

संगीता खाटेच्या उशाशी उभी होती. गयाबाईंनी फाइल माझ्या हातात दिली. "बाई, तुमी इंग्रजीच्या मास्तरीण. घरचे मला खरं सांगंनात. बरी व्हणार असंन तर सुई घेते. न्हाई तर येळवशीला रानात जाते. तुमी सांगताल तसं करते."

मी वाचलं. आजार पोटातून लिव्हरमध्ये पसरला होता. औषधाला दाद देत नव्हता. मी मान वर केली तर सासूच्या डोक्यामागून संगीता माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली. नको.

मी म्हणाले, "कमी झालंय म्हणून लिहिलंय, गयाबाई. सुई चुकवू नका. येळवस काय, पुढच्या वर्षीही येते."

त्या म्हणाल्या, "मंग राहते." आणि संगीताकडे वळून म्हणाल्या की बघ, तुमी उगंच तोंड पाडून बसला व्हता.

संगीताने मान हलवली म्हणून मी खोटं बोलले, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. मला भीती वाटली होती. आमच्या सुया एकाच दिवशी, खाटा शेजारी शेजारी, सिस्टरही एकच. त्यांचं वाईट निघालं तर माझंही निघेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. 'कमी झालंय' हे मी त्यांच्यासाठी म्हणाले नव्हते, मला स्वतःला ते ऐकायचं होतं.

सहावी सुई

येळवशीच्या दिवशी वॉर्डातल्या निम्म्या खाटा रिकाम्या होत्या. आमच्या बाजूचे बहुतेक पेशंट आलेच नव्हते. सिस्टर सलाईन लावता लावता सहज म्हणाल्या, "तुम्हीपण आठवड्याने आला असता तरी चाललं असतं की. सणाचं घरी राहायचं."

गयाबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या काय विचार करत होत्या हे मला आजही माहीत नाही. मी रुमाल शोधायच्या निमित्ताने पिशवीत तोंड घातलं.

दुपारी गावाकडून डबा आला. संगीताने झाकण काढलं आणि वॉर्डभर भज्जीचा वास सुटला. औषधाच्या वासावर त्याने मात केली. गयाबाईंनी डबा नाकाशी धरला, डोळे मिटले, बराच वेळ तशाच बसल्या. मग एक घास घेतला, चघळला आणि हळूच रुमालात काढला. "रानात खायची चीज हाय ही. हितं न्हाई लागायची," म्हणाल्या, आणि डबा माझ्याकडे सरकवला.

आणि मी खाल्ली. नको म्हणायला हवं होतं, पण पहिला घास घेतला आणि मला चव लागली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. तुरीचे कोवळे दाणे, पातीचा कांदा, लसूण, आंबटपणा, सगळं वेगवेगळं कळत होतं. मी थांबले नाही. शेवटी बोट फिरवून डबा पुसला. मान वर केली तर गयाबाई माझ्याकडे बघत होत्या.

"गोड लागली का?"

मी हो म्हणाले. त्यांनी समाधानाने मान डोलवली आणि डोळे मिटून घेतले.

सातव्या सुईला त्या खाटेवर नायगावकडची एक तरुण बाई होती. मी सिस्टरला विचारलं, तर त्यांनी सांगितलं की गयाबाई संक्रांतीच्या आसपास गेल्या. दोन दिवस आधीपर्यंत शुद्धीवर होत्या.

नंतर

माझे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरांनी ह्या वेळी मला आत बोलावलं आणि आमच्या ह्यांना बाहेर बसवलं. घरी पेढे वाटले. केस आले, आधीपेक्षा कुरळे. जूनमध्ये मी शाळेत रुजू झाले, तेव्हा मुलांनी फळ्यावर रंगीत खडूने स्वागत लिहिलं होतं आणि त्यात स्पेलिंगच्या दोन चुका होत्या. मी त्या दुरुस्त केल्या आणि मग रडले.

मी भूतबित मानत नाही, मुलांनाही तसं शिकवत नाही. तरी जे होतं ते लिहिते. भाजीवरचं झाकण उचललं की उजव्या बाजूने कुणीतरी माझ्या आधी वास घ्यायला वाकतं. चहा चांगला जमला, पहाटे पांघरूण गोड वाटलं, परसातला मोगरा फुलला, की तोच प्रश्न कानाशी येतो. ज्या प्रश्नाने मला आठ सुया पार करायला लावल्या, त्याच प्रश्नाला मी भ्यायला लागले. मग मी उपाय काढला. काही गोड लागूच द्यायचं नाही. पोळी गार करून खायची, चहा बिनसाखरेचा, मोगऱ्याकडे जायचं नाही. नांदेडला तपासणीला जाताना त्यांच्या गावचा फाटा आला की मी डोळे मिटायची.

आमच्या ह्यांच्या हे लक्षात आलं. एकदा चिडून म्हणाले, बरी झालीस हे तुला मान्यच नाही का? आम्ही काय उगाच देव पाण्यात घातले होते? त्यांचं बरोबर होतं. मीही खूप चिडले, कारण त्यांचं बरोबर होतं. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांना फाइलची गोष्ट सांगितली.

ते म्हणाले, "तू चांगल्यासाठीच बोललीस की. आम्हीपण तुझ्याशी तेच केलं होतं."

"म्हणूनच म्हणते," मी म्हणाले.

शाळेतल्या मुलांचे पालक अजून माझ्याकडे फाइल घेऊन येतात. इंग्रजी वाचणारं ओळखीचं माणूस म्हणजे मीच. आता मी आधी विचारते, जे लिहिलंय तेच वाचू का? बहुतेक जण हो म्हणतात. एक आजोबा नको म्हणाले, तर मी फाइल न उघडता परत दिली. माझ्यासारख्या कुणाच्या हातात अशी फाइल आली, तर एवढं एक विचारा. घाबरलेल्या माणसाच्या वतीने आपण ठरवू नये, विशेषतः आपण स्वतः घाबरलेले असताना.

फाट्यावर

पुढची येळवस आली. ह्यांना मित्राच्या शेतात आवतण होतं. मी म्हणाले, मी लोह्याच्या बाजूला जाते. "येऊ का?" ह्यांनी विचारलं. मी नको म्हणाले. त्यांनी मला एसटीत बसवून दिलं.

फाट्यावर उतरले तेव्हा गाव ओस होतं, सगळी माणसं रानात. चालताना दर बांधावरून हाक येत होती, या बाई, जेवायला या. एका हाकेला थांबून मी गयाबाईंच्या यजमानांचं शेत विचारलं. व्यंकटराव. हरभऱ्याच्या कडेला खोप होती. म्हातारे बाहेर घोंगडीवर बसले होते, संगीता खोपेत वाढायची तयारी करत होती. नातेवाईक जेवून विहिरीकडे गेले होते. मला बघून संगीता जागच्या जागी थांबली. व्यंकटरावांनी मला ओळखलं नाही, पण ओळख असो नसो, त्या दिवशी कुणी विचारत नाही. ते म्हणाले, या, बसा, ताट घ्या.

मी म्हणाले, आधी एक सांगायचं आहे. उभ्यानेच सांगितलं. फाइल गयाबाईंनी माझ्याकडे दिली होती, त्यांनी काय विचारलं होतं, मी काय उत्तर दिलं. संगीताचं नाव काढायचं नाही असं एसटीत ठरवलं होतं, ते काढलं नाही.

"काय लिवलं व्हतं त्यात?" त्यांनी विचारलं.

"लिव्हरमध्ये पसरलंय म्हणून."

"अन् तुमी?"

"कमी झालंय म्हणाले."

तेवढ्यात खोपेतून संगीता बाहेर आली. डोक्यावरचा पदर तिने दातात धरला होता. तो सोडून सासऱ्यांना म्हणाली, "मामा, मान म्या हलवली व्हती. बाई माझ्याकडं बघत व्हत्या अन् म्या नगं म्हणलं."

व्यंकटराव हरभऱ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता शिव्या देतील किंवा मग म्हणतील, जाऊ द्या, तिचं आयुष्यच तेवढं होतं. आमच्याकडे दोन्हीपैकी एक म्हणायची रीत आहे. मी दोन्हीसाठी तयार होऊन गेले होते. लांब कुणाच्या तरी शेतात पोरं ओरडत होती.

"तिनं यायला पायजे व्हतं," ते म्हणाले. "शेवटच्या दिवसांत लई डाव म्हणली, येळवस हुकली माझी. म्या म्हणलं, औषदासाठी हुकली, आता काय करतीस." त्यांनी डोळे पुसले, बाहीने, घाम पुसतात तसे. "चुकलं तुमचं. दोघींचंबी."

"हो," मी म्हणाले.

मग ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, एका दमात न जमल्यामुळे दोनदा प्रयत्न करून उठले. खोपेत गेले आणि दोन ताटं घेऊन आले. संगीता पुढे झाली तर तिला म्हणाले, "तूबी बस. मागल्या साली बी खाल्ली न्हाईस अन् आजबी सकाळधरनं तशीच हाईस. मला काय दिसत न्हाई व्हय?"

आम्ही दोघी घोंगडीवर बसलो. म्हाताऱ्यांनी स्वतःच्या हाताने वाढलं. भज्जी, उंडा, वाटीत आंबील. वाढायची सवय नव्हती, भज्जी ताटाबाहेर सांडली. ती त्यांनी उचलून पाखरांसाठी बांधावर ठेवली. मी पहिला घास घेतला. संगीताने घेतला. दोघींच्याही नाकातून पाणी वाहत होतं आणि आम्ही खात होतो. चव लागत होती, सगळी, वेगवेगळी. खूप चांगली झाली होती. हे म्हणायची लाज वाटली, तरी मी ते मोठ्याने म्हणाले. व्यंकटराव समोर बसून दोघींच्या ताटांकडे बघत होते.

माझं ताट रिकामं झालं. मी आणखी मागितली, आणि त्यांनी वाढली.